अजून एक पावसाळा

तोंडात घोट घेतला की सातेरीआप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. दुकानात गोरा साहेब असो की खुद्द शेटजी, आप्पा पाठ फिरवणारच. मागून बघणाऱ्याला एकदा डावा गाल फुगलेला दिसायचा, एकदा उजवा. मग लाकडाच्या भुशाच्या डब्यात ते पिचकन थुंकायचे, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसायचे आणि वळून निकाल द्यायचे. पाठ का फिरवता, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"चव बघताना माणसाचं तोंड खोटं बोलत न्हाय, अण्णा. गिऱ्हाइकानं ते कशाला बघायचं?"

बेळगावच्या कॅम्पात आमच्या पारशी शेटजींचं दुकान होतं. पलटणींच्या मेसना बिस्किटं, मुरंबे, डब्यातली मासळी आणि मुख्य म्हणजे दारू पुरवायची. मी तिथं इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून. आम्ही निपाणीकडचे जैन, त्यामुळे घरी मी फक्त बिस्किटांचंच कळवलं होतं. आप्पा काकतीचे शेतकरी. तरुणपणीच जमीन भावाच्या हवाली करून ते शेटजींच्या तळघरात उतरले आणि तिथंच राहिले. विलायतेहून आलेलं प्रत्येक पिंप उघडायचं, चाखायचं आणि चांगलं की वाईट ते सांगायचं, एवढंच काम. तीस वर्षं केलं आणि तीस वर्षांत एक घोट गिळला नाही. गळ्यात तुळशीची माळ होती.

कुणी माळेकडे बोट दाखवलं की म्हणायचे, "माळ गळ्यात हाय. जिभेवर न्हाय."

त्यांचा निकाल बहुधा एका शब्दात असायचा. "दमलंय." पिंपं मुरगाव बंदरात उतरायची आणि लोंढ्यावरून रेल्वेनं बेळगावला यायची. आप्पा घोट घ्यायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "लोंढ्याला मुक्काम करून आलंय हे. दमलंय. चार दिवस पडू द्या." मी कागद काढून बघावं तर खरंच माल दोन रात्री लोंढ्याला राहिलेला. हळूहळू मला कळलं की त्यांच्या लेखी सगळं जगच दमलेलं आहे. समोरच्या हॉटेलातला चहा दमलेला. शेटजींच्या टांग्याचा घोडा दमलेला. सरकार तर लईच दमलेलं. एका दुपारी मी पत्र लिहीत होतो. आप्पा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "तुमीबी दमलायसा, अण्णा."

खोटं नव्हतं. लढाई सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. जहाजं यायची बंद झाली होती. माल आलेला नाही, कधी येईल सांगता येत नाही, क्षमा असावी, एवढं एकच पत्र मी रोज निरनिराळ्या मेसना लिहीत होतो. दोन वेळा खानावळीत जाऊन पुढ्यात येईल ते गिळायचं आणि खोलीवर येऊन पडायचं.

तळघरात आता एकच पिंप राहिलं होतं.

लढाईच्या आधी विलायतेहून एक निराळी बिअर आली होती. नाव बार्ली वाइन. नावात वाइन, पण असते जवाची बिअरच. मात्र इतकी दाट आणि इतकी कडक, की दांडगे साहेबलोकसुद्धा ती लहान पेल्यातून पीत. ब्रँडीच्या रिकाम्या पिंपात ती मुरवली तर सोनं होतं, असं शेटजींना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मुरत घातली आणि राखण आप्पांकडे दिली. आप्पा सहा महिन्यांनी एकदा तोटी सोडायचे आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात थेंबभर घ्यायचे. पहिल्यांदा म्हणाले, "भांडतंय." दुसऱ्यांदा म्हणाले, "रुसलंय." तिसऱ्यांदा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कूस बदलतंय."

"अरे, बिअर आहे का सून आहे?" शेटजी कावले.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला एक पलटण लढाईवर निघाली. कुठं जाणार हे सांगायची तिला सक्त मनाई होती आणि सगळ्या कॅम्पाला ते ठाऊक होतं. जाण्याआधी मेसमध्ये मोठं जेवण ठरलं. शेटजींनी त्या पिंपाची बातमी पोचवली आणि मेसचा कारभार बघणारा कॅप्टन चव बघायला आला. पोरगेलासाच होता. नाकाची सालटी उन्हानं निघालेली. शेटजींनी आप्पांना सकाळीच बजावलं होतं, "तू चांगलं म्हण. बाकी काही बोलू नको."

तळघरात आम्ही चौघं. आप्पांनी तोटी सोडली. काळसर, तांबूस, काकवीसारखी धार पेल्यात उतरली आणि सगळ्या तळघरात वास पसरला. कॅप्टननं एक घोट घेतला आणि डोळे मिटले. आप्पांनी घोट घेतला आणि भिंत गाठली. गाल डावीकडे फुगला, उजवीकडे फुगला, पुन्हा डावीकडे. इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"काय म्हणतोय तो?" कॅप्टननं मला विचारलं.

आप्पा वळले. "पयल्यांदा काकवी. मग चिंच, जुनी, काळी पडलेली. मग निपाणीची तंबाखू, पण वासापुरतीच. आणि समदं झाल्यावर मागनं सुतार येतोय."

मी इंग्रजीत सांगितलं. सुतारापाशी अडखळलो, पण सांगितला.

"सुतार!" कॅप्टन मोठ्यानं हसला. त्यानं पुन्हा एक घोट घेतला आणि मान डोलावली. "खरंच, लाकूड येतंय की शेवटी. आम्हाला सगळं पिंप पाहिजे. शनिवारी."

शेटजींचा चेहरा उजळला. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "देऊ नका."

"सातेरी!"

"अजून एक पावसाळा जाऊ द्या. मग न्या म्हणावं."

कॅप्टन माझ्याकडे बघत होता. शेटजीही बघत होते, पण निराळ्या नजरेनं. मी म्हणालो, "साहेबांना आवडलं याचा त्याला फार आनंद झाला आहे."

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं भाषांतर आखूड पडलं एवढं त्यांना कळलं. त्यांनी एक बोट वर केलं आणि थेट साहेबालाच सांगितलं, "वन रेन, साहेब. वन मोर रेन."

कॅप्टननं हातातला पेला जपून पिंपावर ठेवला. "त्याला सांगा," तो मला म्हणाला, "पुढच्या पावसाळ्याचं आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. आप्पांनी बोट खाली घेतलं आणि पायऱ्या चढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आलेच नाहीत. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ते पिंप हलवून बाटल्या भरायला दुसरं कुणी धजेना. शेवटी शेटजींनी मला सायकल दिली आणि काकतीला पिटाळलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. दार उघडंच होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. आत आप्पांची बायको, लक्ष्मीआक्का, ताट घेऊन जेवायला बसली होती. हाडकुळी, डोळे मोठे. समोर आप्पा मांडी घालून बसले होते. त्यांच्यापुढं ताट नव्हतं.

"पयल्यांदा काकवी," ते म्हणाले. आक्कानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

"ताजी?"

"न्हाय. तळाची, करपायला आलेली."

ती चावत राहिली. "मग?"

"मग चिंच."

दुसरा तुकडा. "आंबट लई?"

"आंबट थोडी. गोडीच जास्त." ती गिळेपर्यंत आप्पा थांबले. "आणि मागनं सुतार."

आक्का हसली. आणि मी दारात उभा असलेला तिला दिसलो.

मला बसवलं, गूळ-पाणी दिलं. मी शनिवारचं सांगितलं. आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "तयार न्हाय ते."

"का खोटं बोलतासा?" आक्का म्हणाली. "परवा तुमीच म्हणालासा न्हवं, पुरं झालंय, आता याच्या म्होरं काय न्हाय?" मग माझ्याकडे वळली. "अण्णा, चार वर्सं झाली मला ताप येऊन. टायफॉइड म्हणाला डाक्टर. तवापासनं जिभेला चव न्हाय, नाकाला वास न्हाय. माती खाल्ल्यागत लागतंय. जेवायचंच सोडलतं मी. ह्येनी रोज तिकडचं कायबाय सांगत्यात आणि मी चार घास गिळतोय."

बाई असून "गिळतोय" म्हणाली. आमच्या भागात बायका बोलतात तसं. पण आप्पांनी तीस वर्षं न गिळलेला घोट तीच गिळतेय असं वाटलं; इतक्या वर्षांत तो शब्द मला कधी असा लागला नव्हता.

"ती पोरं मरायला निघाल्यात," ती आप्पांना म्हणाली, "आणि तुमी पिंप धरून बसलायसा व्हय?"

"जहाज येत न्हाय," आप्पा म्हणाले. "तळघरात दुसरं कायबी न्हाय. ते एक पिंप गेलं की मी घरला येऊन तुला सांगू काय?"

आक्कानं ताटातला उरलेला तुकडा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला आणि पाण्याबरोबर खाली उतरवला.

"बघू तवाचं तवा," ती म्हणाली. "उठा आता. सायकलवर मागं बसा अण्णांच्या."

आप्पा आले. दोन दिवसांत त्यांनी सगळं पिंप बाटल्यांत उतरवलं, एक थेंब सांडला नाही. शनिवारी माल गेला. मंगळवारी पलटण गेली.

तळघरात आता झाडण्याखेरीज काही काम नव्हतं, पण शेटजींनी आप्पांना जा म्हटलं नाही. एका सकाळी मी तेच रोजचं पत्र लिहीत असताना ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काल काय जेवलासा, अण्णा?"

"खानावळीत होतो. भाजी-भाकरी."

"भाजी कसली?"

मला आठवेना. खूप आठवून बघितलं. "कारळ्याची चटणी होती," म्हणालो.

"आंबट कशानं केलती? चिंच का आमसूल?"

"माहीत नाही, आप्पा."

"हां," ते म्हणाले. "असू द्या." आणि झाडू घेऊन पुन्हा पायऱ्या उतरू लागले.

मी पत्र अर्धंच ठेवलं. खानावळीत गेलो, सहा वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि वाढणाऱ्या काकूंना चटणीत काय घालता ते विचारलं. त्या आधी चकित झाल्या. मग म्हणाल्या, "चिंच, चिमूटभर गूळ आणि मिरची. बघा खाऊन." त्यांनी तळहातावर चटणी ठेवली. मी ती जिभेवर घेतली आणि चव जायच्या आत आप्पांपाशी पोचावं म्हणून भराभरा दुकानाकडे निघालो.