होडीला दोन फळ्या

एकोणीसशे त्रेचाळीस साली मी भंडारदऱ्याला कारकून होतो, आणि धरणाच्या पाण्यावर भिमाजीची सपाट बुडाची होडी चालत असे. दुपारचा वारा सुटला की ही होडी लाटांवर परातीसारखी आपटायची आणि जागच्या जागी फिरायची. माझी बायको विजया एकदा तिच्यात अशी भिजली, की पुन्हा बसणार नाही म्हणून तिनं सांगून टाकलं. पण पलीकडच्या गावी तिचा भाऊ राधाकृष्ण मास्तर होता. त्याच्या मुलाचं बारसं ठरलं. आत्याच नसेल तर बाळाचं नाव कोण ठेवणार? आणि पायवाटेनं जायचं तर सारा दिवस मोडायचा.

मी होडी सुधारायचं ठरवलं. (बोटींवरचं एक इंग्रजी पुस्तक मी वाचलं होतं. निम्मंच, पण चित्रं सगळी पाहिली होती.)

भिमाजीचं म्हणणं, वारं सुटायच्या आत पलीकडं जावं, म्हणजे झालं. त्याला शास्त्र पटवायला दोन दिवस गेले. मग होडी उपडी घालून बुडाला लांबीभर दोन फळ्या उभ्या ठोकल्या, डांबर फासलं, आणि लाट अडवायला पुढं एक फळी आडवी बसवली. फळ्यांसाठी घरचं फडताळ मोडलं. (विजयाला ते संध्याकाळी कळलं.) त्या दिवसापासून मी होडीला मानानं ‘नाव’ म्हणू लागलो.

बारशाला मुद्दाम वारा सुटल्यावरच निघालो. वल्ह्यांवर भिमाजी, मध्ये विजया, आणि मागच्या टोकाला कॅप्टन म्हणून अडीच मणांचा मी. होडी खरंच सरळ चालली. विजयाच्या लुगड्यावर थेंब नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

गावापाशी डावीकडे वळायचं होतं. होडी वळेना. भिमाजी घामाघूम झाला, तरी ती सरळच गेली आणि काठापासून चाळीस हातांवर गाळात रुतली. सगळं बारसं काठावर जमलं. बाळाला घेऊन आजी झुंबरबाईही आल्या. वेळ टळू नये म्हणून राधाकृष्णानं तिथूनच हाक दिली, “नाव काय?”

संकटातही शास्त्राची विचारपूस करणारा मेहुणा पाहून मला भरून आलं. मी ओरडून सांगितलं, “नाव उत्तम आहे. फक्त वळत नाही.”

मग झुंबरबाई म्हणाल्या, “जिभेला वळत नसंल तर दुसरं ठिवा.”

विजयानं माझ्याकडे पाहिलं. (कौतुक संपलं होतं.) लुगडं वर खोचून ती गाळात उतरली, काठावर पोचली, हातपाय धुतले आणि बाळाच्या कानात ‘शामकांत’ म्हणून मोकळी झाली.

ती उतरली तरी होडी हलेना. मग मीही उतरलो. मांडीपर्यंत गाळ तुडवत मी काठाला लागतो तोवर भिमाजीनं होडी सोडवली, वळवली, खवळलेल्या पाण्यातून एक फेरी मारली आणि माझ्यापुढं आणून लावली. आत पाण्याचा थेंब नव्हता.

“लई झ्याक चालती,” तो म्हणाला. “वळती बी.”

मी खूश होऊन विचारलं, मग मघाशी काय बिघडलं होतं?

भिमाजी जरा संकोचला. “मघाशी तुमी बसला हुता.”