मेंढ्याचं कातडं आणि माझा उजवा हात

अडतीस वर्षं मी आमच्या गावातल्या मुलांना वळण लावलं. तेव्हा स्वतःच्या एका हाताला वळण लावणं मला जड जाईल, असं वाटण्याचं काही कारणच नव्हतं!

हिवाळा सरता सरता मला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला. जीभ तर आधीपेक्षा जोरात चालते, असं माझी बायको कुल्याश म्हणते. पण उजवा हात अडून बसला आणि खांदा रात्रंदिवस ठणकू लागला. दवाखान्यातली नर्स झिबेक घरी येऊन व्यायाम घ्यायची. मनगट वर, मनगट खाली! याला काय उपचार म्हणायचं? खरे उपचार चहाला येणाऱ्या पाहुण्यांकडे होते. कुणी बिज्जू या रानजनावराची चरबी चोळली, कुणी घोडीचं आंबवलेलं दूध पाजलं. खांदा ठणकतच राहिला, वर अंगाला बिज्जूचा वास!

मला घाई होती. आमच्याकडे मेजवानीत मेंढ्याचं उकडलेलं डोकं सगळ्यांत वडील पाहुण्यापुढे येतं. त्यानं ते कापून वाटायचं. कान मुलांना, म्हणजे ती मोठ्यांचं ऐकतात. तोवर मांसाला कुणी हात लावत नाही. गावात वडील मी. तोक्तार माझ्याहून चार दिवसांनी लहान! झटक्यानंतर दोनदा मी ते ताट गुपचूप त्याच्याकडे सरकवलं होतं. तिसऱ्यांदा सरकवलं असतं, तर पुढं ते थेट त्याच्याचपुढे गेलं असतं.

म्हणून मी चुलतभाऊ एरमुखानला गाठलं. ताज्या मेंढ्याच्या गरम कातड्यात गुंडाळून घेतलं की आखडलेलं अंग सुटतं म्हणे.

"दादा, पण वहिनीला काय सांगायचं?"

"कुणाला कळता कामा नये!"

एरमुखाननं त्याच्या अंगणात मेंढा कापला. मी कपडे बैठकीत काढून ठेवले, मागच्या खोलीत गेलो आणि कातड्यात शिरलो. काय ती ऊब! मला झोपच लागली.

आता मेंढा कापला म्हणजे मांस आलं. एरमुखानची बायको मोठी कढई मागायला गेली. गावात मोठी कढई एकाच घरी आहे. आमच्या! आणि कुल्याशला कळलं म्हणजे गावाला कळलं.

जाग आली ती गलक्यानं. बैठकीत अख्खं गाव बसलेलं, आणि माझी विजार त्यांच्या मधोमध! नाइलाजानं मी कातडं आवळून दारात उभा राहिलो.

"एरमुखान," तोक्तार म्हणाला, "मेंढा नीट कापला नाहीस वाटतं. चालत आला की!"

हसणं थांबेपर्यंत मी विजार चढवली आणि मानाच्या जागी बसलो. डोकं समोर आलं.

"राहू दे मास्तर, मी कापतो," म्हणत तोक्तारनं सुरीकडे हात नेला.

त्याच क्षणी माझा उजवा हात झेपावला आणि बोटं सुरीच्या मुठीवर घट्ट मिटली!

"कातड्याचा गुण!" एरमुखान ओरडला.

"छट्! माझ्या चरबीचा!" मागून कुणीतरी.

मी दातांवर दात रोवून एक कान कापला. वाहवा झाली. आता सुरी खाली ठेवून तो मुलांना द्यायचा. पण बोटं उघडेनात! तोक्तारनं ओढून पाहिलं, एरमुखाननं लोणी चोळलं, एक म्हातारी फुंकर घालू लागली. तोक्तार जितकं ओढी, तितकी माझी मूठ आवळे. मांस गार झालं, वर चरबीची साय धरली. पन्नास माणसं उपाशीपोटी माझ्या मुठीकडे बघत बसली.

शेवटी कुल्याश उठली. एका हातानं तिनं माझं कोपर धरलं, दुसऱ्यानं मनगट हळूहळू खाली वाकवलं. बोटं आपोआप सैल झाली आणि सुरी ताटात पडली.

"तुला... तुला हे कुठं कळलं?"

"झिबेकनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुम्ही तेव्हा तिच्या वहीतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवत होतात!"

तोक्तारनं हसत सुरी उचलली आणि उरलेलं डोकं कापलं. सहा मुलं कानासाठी ओंजळ पुढं करून उभी होती. कुल्याशनं कापलेला कान उचलला, त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात ठेवला.

"तुम्हाला दुसरा कान हं, बाळांनो. आज यांना जास्त गरज आहे."

मी मुकाट्यानं खाल्ला. डाव्या हातानं.