पाचव्या नंबरचं काम

ऑफिसात ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि मी सुधारायचं ठरवलं. (ट्रेनिंगला मी दोन्ही दिवस उशिरा पोचलो, पण चहाच्या आधी.)

रविवारी सकाळी तीन रंगांच्या पेनांनी कामांची यादी लिहिली आणि भिंतीवर चिकटवली. गाडी धुणे, गळका नळ, पंखे पुसणे, तांदूळ निवडणे, बसस्टँड.

माझी बायको दिव्यानी अंगणवाडी सेविका. पोलिओच्या बूथवर निघताना ती यादीपाशी थांबली.

“पाचवं बसस्टँड म्हणजे माझ्या बाबांना आणणं?”

“हो. अकराची बस बारालाच येते. तातडीचं वेगळं, महत्त्वाचं वेगळं.”

“मागच्या वेळी चाळीस मिनिटं वाट पाहून ते तसेच राजुऱ्याले परत गेले. आज गेले, तर मीबी त्यांच्या मागं जाईन.”

ती गेली. मी स्कूटर धुवायला घेतली. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, मळक्या गाडीवर कसं बसवायचं? जुन्या टूथब्रशनं चाकांच्या खाचा घासता घासता पावणेबारा झाले.

स्टँडवर कंट्रोलर म्हणाला, “बस आज टायमावर आली ना.”

“टोपीवाले म्हातारबाबा उतरले काय?”

“एक टोपीवाले आत्ताच चंद्रपूरच्या गाडीत बसून गेले.”

राजुऱ्याची वाट चंद्रपूरवरूनच जाते. स्कूटर पिटाळत वाटेवरच्या मूल गावात बस गाठली, आत शिरलो आणि टोपी दिसताच पाय धरले. “मामाजी, चुकलो. घरी चला.”

टोपी वळली. चेहरा अनोळखी होता. “सुखी राहा बाबू,” ते म्हणाले, “पण मले लग्नाले जाचं हाय.”

तोंड पाडून आमच्या सावली गावाला परतलो. घराचं दार उघडं होतं. आत मामाजी धोतर खोचून स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. नळ गळायचा थांबला होता. ताटात निवडलेले तांदूळ होते. बूथवरून परतलेली दिव्यानी दारातच बसून पोट धरून हसत होती.

“या जवाईबापू,” मामाजी म्हणाले. “पाऊण तास वाट पायली, मंग गल्लीतून पायीच आलो. किल्ली शेजारच्या कमळाबाईनं देल्ली. गाडी कुठी दिसली नाई, तेवढं राह्यलं. बसस्टँडवरून तर मी आलोच होतो.”

“पण मामाजी, तुम्ही कशाला केलं हे सगळं?”

“मले वाटलं, घरात काम करणारा माणूस नाई, म्हणून पोरीनं माह्यासाठी चिठ्ठी लावून ठेवली.”