टाकीमागचा बिनपगारी पहारेकरी

भिवंडीत भाड्याच्या खोल्या पुष्कळांच्या आहेत. पण दारूबंदी खरोखर पाळायला लावणारा चाळमालक एकच, आणि तो म्हणजे मी!

लूमवाल्या शेठनं माझ्या सगळ्या खोल्या कारागिरांसाठी घेतल्या त्या एकाच अटीवर. आवारात दारू दिसली की करार रद्द! पाट्या लावल्या, आरडाओरडा केला, कुणी ऐकेना. मग मी पुडी सोडली: पाण्याच्या टाकीमागच्या चिंचेवर एक बाबा राहतो, त्याला दारूचा वास खपत नाही, पिणाऱ्याच्या छातीवर येऊन बसतो. झाला की नाही बिनपगारी पहारेकरी?

आठवड्यात चाळ चिडीचूप! भलेभले संध्याकाळी लिंबू सरबत पिऊ लागले. मी कॉलर ताठ करून फिरत होतो, तेवढ्यात गोष्ट माझ्या आईच्या कानावर गेली.

"हितेश, दारू न्हाय खपत असा कंचा बाबा हाय रं? आपल्या रानातल्या समद्या बाबांना घोट लागतोच! उपाशी ठेवलास त्याला?"

"आई, अगं तो बाबा मीच..."

"गप! चेष्टा करू नको त्याची!"

आई तडक चाळीत गेली आणि तिच्या हिंदीत सगळ्यांना बजावून आली, "उसको अंडा और गिलासभर दारू मंगता हाय. नही दिया तो घर में घुसेगा!"

पुढच्या शुक्रवारी चिंचेखाली खोलीगणिक एक ग्लास! माझ्या दारूबंदीच्या आवारात, उदबत्तीसकट! आणि सकाळी सगळे ग्लास रिकामे!

सगळ्यात जुना कारागीर रामसजीवन, त्याला मी फैलावर घेतलं.

"हम कहाँ पी रहे हैं, सेठ? आपका बाबा पीता है. हमने एक-दूसरे का मुँह तक सूँघा है!"

तो हसत नव्हता. पण चोर पकडायचाच, म्हणून पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला मी एकटाच टाकीमागे उभा राहिलो. शुक्रवारी लूम बंद. रोजची खडखड नाही, कानात नुसती पोकळी. चिंचेचं पान हलत नव्हतं.

आणि पहिल्या ग्लासातली दारू हळूहळू खाली जाऊ लागली! सांडली नाही, ग्लास हललाही नाही. कुणीतरी चवीनं घोट घ्यावा तशी. मग दुसऱ्यातली. मग माझ्या अगदी पायाशी ठेवलेल्या ग्लासातली!

लूम बंद होते. पण माझ्या दातांनी शिफ्ट सुरू केली. पाय काही उचलेना. उपाशी ठेवू नको, हे आईचं बोलणं तेवढं आठवलं. खोडाशी कारागिरांनी ठेवलेली बाटली होती, ती उचलून मी ओतत सुटलो. अर्धी माझ्याच शर्टावर!

"घे बाबा, घे! पण माझ्या छातीवर बसू नको!"

"हितेशशेठ?"

मागे टॉर्च. लूमवाल्या शेठचा मॅनेजर मनोज, तपासणीला आलेला! त्याच्यामागे अख्खी चाळ.

"मनोजभाऊ, मी नाही, तो पितोय!"

"कोण?"

मी चिंचेकडे बोट दाखवलं. मनोजनं चिंच पाहिली, रिकामे ग्लास पाहिले, मग माझा शर्ट हुंगला.

"आणि... करार?" मी रडकुंडीला आलो.

"करार राहील. कारागिरांचा काय दोष? फक्त मालकानं आवारात पाऊल टाकायचं नाही."

तशी पाटीच लागली आहे! माझ्याच फाटकावर, माझ्याच नावाची. मी बाहेरूनच चौकशी करतो. दर शुक्रवारी लूम थांबले की टाकीमागून कुणीतरी प्रेमानं हाक मारतं, "हितेश, ये की रं आत!"

चाळीत मराठी बोलणारं कुणीही राहत नाही. मी आपला पाटीकडे बोट दाखवतो. नियम म्हणजे नियम!