मंजूर आवाज

शाहूपुरीतल्या एका सहकारी ग्राहक भांडाराचे अध्यक्ष जयसिंगराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांचा घसा सन अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात बसला. असा बसला की उठेचना. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. एरवी ही बातमी पेढे वाटण्याजोगी होती. पण त्याच महिन्यात वार्षिक सभा घेणं कायद्यानं भाग होतं, आणि अहवाल अध्यक्षांनी स्वमुखानं सादर करावा, असा पोटनियम होता.

सेक्रेटरी पार्श्वनाथ चौगुले यांनी पोटनियम पुन्हा वाचला. मुख अध्यक्षांचं हवं, एवढंच त्यात होतं. आवाजाविषयी पोटनियम गप्प होता. त्यांनी बाळासोला बोलावणं पाठवलं.

बाळासो भांडारात साखर आणि तूरडाळ तोलायचा, पण मनानं तो नकलाकार होता. गल्लीच्या गणपतीपुढं दरवर्षी त्याच्या नकला व्हायच्या. मंत्री, सिनेमातला खलनायक, क्रिकेटचं वर्णन करणारा, भांडकुदळ सासू, सगळे एकाच आवाजात बोलायचे, आणि तो आवाज बाळासोचा स्वतःचा, बारमाही पडसं झाल्यासारखा असायचा. म्हणून आधी नाव सांगावं लागे. आता मंत्री ऐका, आता सासू ऐका. लोक पोट धरून हसायचे, ते नकलेला नव्हे, त्याच्या धाडसाला. बाळासोला हे कळत होतं. आपण नाव सांगायच्या आधी कुणीतरी म्हणावं, अरे, हा तर अमका, एवढीच त्याची आस होती.

चौगुल्यांनी त्याला शब्द दिला की सभा पार पाड, वर्धापनदिनाला स्टेज तुझं.

सभेत आबा खुर्चीवर बसून ओठ हलवत होते आणि पडद्यामागं बाळासो माईक धरून उभा होता. आबांचा आवाज म्हणजे चढाला लागलेला ट्रॅक्टर, आणि दर वाक्याच्या शेवटी दरडावून ‘काय?’. पडद्यामागून आला तो नाक चिमटीत धरल्यासारखा बारीक सूर.

“सभासद बंधूंनो, संस्थेची प्रगती चांगली हाय. काय?”

पहिल्या रांगेतले केरबा तात्या उठले. “हे आबा न्हवंत. ह्यो साखरंवरचा बाळू हाय.”

पडद्यामागं बाळासोनं माईकवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाव न सांगता ओळखलं होतं, आणि ओळखलं ते त्यालाच.

चौगुल्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ते म्हणाले, “सन्माननीय सभासदांच्या शंकेची नोंद सभा घेत आहे. आयत्या वेळचा विषय. आता ऐकू येत असलेला आवाज हा माननीय अध्यक्षांचाच आहे व यापुढेही तोच राहील. मंजूर?”

आता, मागच्या रांगांचा एक रिवाज होता. बाहेर मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण निघालं, की आत जे काही विचारलं जाईल त्याला ‘मंजूर’ म्हणायचं आणि पंगत गाठायची. झाकण नुकतंच निघालं होतं.

मागच्या रांगा म्हणाल्या, “मंजूर.” केरबा तात्याही सकाळपासून उपाशीच होते. तेही मंजूर म्हणतच बाहेर पडले.

महिन्यानं आबांचा घसा मोकळा झाला. त्यांनी हौसेनं भांडारात फोन लावला आणि ट्रॅक्टर सुरू केला. फोनवरच्या कारकुनानं नम्रपणे विचारलं, कोण बोलताय पावणं? आबा म्हणाले, अरे, मी आबा. कारकून म्हणाला, आबांचा आवाज सभेनं ठरवून दिलाय, तुमचा त्यात बसत न्हाय. आणि फोन ठेवला. आबा तरातरा चौगुल्यांकडं गेले. चौगुल्यांनी सांगितलं की ठराव आता पुढच्या वार्षिक सभेतच बदलता येईल, आणि अध्यक्षच ठराव मोडायला लागले तर संस्थेनं बघायचं कुणाकडं?

तेव्हा आबा रोज दुपारी गोदामात साखरेच्या पोत्यांमागं बसून बाळासोकडून स्वतःचा आवाज शिकू लागले. बाळासो नाकातून बोलून दाखवायचा, आबा तसं करायला जायचे आणि मधेच ट्रॅक्टर घसरायचा. बाळासो जवळ बसून कान देऊन ऐकायचा, कुठं घसरतो ते दाखवायचा. दिवाळीपर्यंत आबांना ते जेमतेम जमलं. वाईटच जमलं, पण मंजूर होतं.

त्यानंतर बाळासोला नोटीस आली. आपण कामाच्या वेळी व इतर वेळीही माननीय अध्यक्षांच्या आवाजात बोलत असल्याचं निदर्शनास आलं आहे, ते तात्काळ थांबवावं.

बाळासो चौगुल्यांपुढं उभा राहिला. “सायेब, ह्यो माझाच आवाज हाय की.”

“होता,” चौगुले म्हणाले.

बाळासो मुका झाला. गिऱ्हाइकांना बोटांनी किलो दाखवू लागला. घरीही तेच. चार दिवस खाणाखुणा बघून बायको आक्काताई कावली. ती म्हणाली, “अवो, आबांचा जुना आवाज पडूनच हाय न्हवं? त्यो घ्या की. कोन इच्यारतंय त्याला?”

बाळासोनं घसा खाकरला, आणि घरात चढाला ट्रॅक्टर लागला. शेवटचा ‘काय?’ असा आला की आक्काताईनं चटकन डोक्यावर पदर घेतला. गोदामातल्या त्या दुपारी फुकट गेल्या नव्हत्या.

वर्धापनदिनाला चौगुल्यांनी शब्द पाळला. बाळासो स्टेजवर चढला. या वेळी त्यानं नाव सांगितलं नाही. आबा जसे पूर्वी बोलायचे तसा, दरडावत, धापा टाकत, अख्खा अहवाल तो बोलला. मग हात जोडून विचारलं, “वळखा बघू, कोन?”

सभागृह विचारात पडलं. मग केरबा तात्या म्हणाले, “ह्यात वळखायचं काय? अलीकडं बाळू असाच बोलतोय की.”

पहिल्या रांगेत आबा ताठ झाले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. टाळी वाजवायला हात उचलले गेले, मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. नाकातून, बारीक आवाजात त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “नक्कल कुणाची म्हने?”

चौगुले माईकपाशी गेले. बाहेर झाकण निघाल्याचा आवाज आला. “सदर नक्कल कोणाचीही नव्हती. मंजूर?”

“मंजूर,” सभा म्हणाली. सवयीनं बाळासोही म्हणाला, आबांच्या खणखणीत जुन्या आवाजात. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वृत्तांत आपल्यापुढं वाचून झाला. कुठं खटकलं असतं तर आपण तिथंच थांबवायला हवं होतं. आपण तसं केलं नाही, वर दोनचार ठिकाणी हसलातही. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे तेवढं पुरतं. चला, भात निवतोय.