झेपाबाईंच्या शेळीची हाक

श्री. ज्याने माणसास वाचा दिली, परंतु ऐकणारा देण्याचे कधी कधी विसरला, त्यास नमन करोन ही हकीकत लिहिली असे. शके पंधराशे एकतीस, सौम्यनाम संवत्सर. भूमध्य समुद्रात एक लहानसे बेट. त्याचे नाव पुसू नये, दर राज्यकर्त्याने निराळे ठेविले. पूर्वी तेथील शेळ्या राखणारे एक भाषा बोलत. मग पूर्वेकडील गलबतवाले आले आणि वजनामापाचे शब्द ठेवोन गेले, मग वाळवंटाकडील सरदार आले आणि विहिरी खणवोन पाण्याचे, बागांचे शब्द रुजविते जाहले, आणि मग उत्तरेचे टोपीकर येवोन कज्जे, प्रार्थना आणि शिव्या आपल्या भाषेत करविते जाहले. लोकही पक्के, ज्याचे राज्य त्याचे शब्द तोंडी घालोन पोट भरिते जाहले. सर्व भाषा एका हंडीत शिजल्या. मूळची तळाशी लागोन राहिली, ती डोंगरावरील झेपाबाई नामे विधवेच्या तोंडी मात्र उरली.

बाईंचे दोघे पुत्र बंदरात टोपीकरांचे चाकर. भेटीस येत ते नव्या भाषेत क्षेम पुसत, बाई जुन्या भाषेत उत्तर देत, आणि मग तिघेही भिंतीकडे पाहत बसत. मरणापूर्वी कोणी आपणास आपल्या भाषेत एक शब्द बोलावा, एवढीच बाईंची इच्छा. बोलावयास एक शेळी होती. ती कान देवोन ऐके, परंतु शेळीच ती, बोलणार काय?

त्या बेटाचा रिवाज ऐसा की, जनावर परक्यास दिले तर त्यास बोलावावयाची हाकही घेणाऱ्याच्या कानात सांगोन द्यावी, आणि देणाराने ती पुन्हा मुखी आणू नये, नाहीतर जनावर दोन घरांत झुरते. पुढे बाईंचे पाय थकले. मग पुत्रांनी शेळी खालच्या वाडीत नव्याने वसलेल्या रोझालिया नामे टोपीकरणीस दोर बांधोन दिली. रिवाज कोणी पुसला नाही आणि बाईही मुद्दाम गप्प राहिल्या. शेळी गेली, हाक तरी आपली राहो, ऐसे मनी आणिले.

शेळी दोर तोडोन परत येई, रोझालिया मागोन येवोन ओढोन नेई. अखेर रोझालिया दमोन बाईंच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आजीबाई, ओढून ओढून हात सोलले माझे. हिला तुम्ही काय म्हणता, तेवढं सांगा." बाईंनी शेळीकडे पाहिले. दोन घरांत झुरोन तिच्या बरगड्या वर आल्या होत्या. बाईंना फार वाईट वाटले. मग त्यांनी रोझालियेस जवळ ओढोन कानात हाक सांगितली, आणि रिवाजाप्रमाणे स्वतः त्या हाकेस मुक्या जाहल्या.

त्याउपरी घर ओस पडले. बाई चुलीपुढे नुसत्या बसोन राहत. एके सायंकाळी वाडीतून हाक आली, "एय्या हाना." म्हणजे, ये, घरी ये. जीभ परकी, शब्द वाकडा. हाक शेळीस होती, हे बाईंस पुरते ठाऊक. तरी त्या उठल्या, काठी घेतली आणि बसत उठत डोंगर उतरल्या.

रोझालिया कुंपणाशी उभी होती. म्हणाली, "शेळी तर केव्हाच आली, आजीबाई. तुम्ही का आलात?"

बाई आपल्या भाषेत म्हणाल्या, "तू बोलावलंस."

रोझालियेस एक अक्षर कळले नाही. तिने बसावयास तिवई पुढे केली आणि दुसरे दिवशी सायंकाळी शेळी गोठ्यात बांधोन मग डोंगराकडे तोंड करोन हाक दिली.

येणेप्रमाणे त्या बेटी बोली बदलत गेली. पुढे टोपीकरही बेट सोडोन गेले. आज तेथील लोक दारी आलेल्या पाहुण्यास "एय्या हाना" म्हणोन आत घेतात, ती हाक शेळीची होती हे कोणास ठाऊक नाही. ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने सांभाळोन घ्यावे.