बारा कव्हरं आणि माझी सरळ रेघ

सरळ रेघ म्हणजे काय, हे या जगात दोनच माणसांना कळतं. एक मी. दुसरा मला अजून भेटायचाय!

ही बढाई नव्हे. छापखान्यात चाळीस वर्षं मी कटिंग मशीनवर काढली. शाळेच्या वह्या, औषधांची खोकी, पुस्तकांची वेष्टनं, जे माझ्या पात्याखालून गेलं ते काटकोनातच बाहेर आलं. आमच्या फोरमननं एकदा मी कापलेल्या गठ्ठ्याला फुटपट्टी लावली. जरासा फरक दिसला. त्यानं गठ्ठा तसाच ठेवला आणि फुटपट्टी बदलायला पाठवली!

अक्षरांशी ओळख मात्र उशिरा झाली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. प्रौढांच्या वर्गात माझी अक्षरं भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांसारखी रेघ सोडून वर निघायची. बाई लाल पेन्सिल आपटून म्हणायच्या, "काका, अक्षराला रेघेवर बसवा! त्याला कुठं जायचंय?" तेव्हापासून तिरकं अक्षर दिसलं की मला बाईंची लाल पेन्सिल ऐकू येते.

छापखाना सुटल्यावर मला वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर काम मिळालं. तिथं जुन्या रेकॉर्डींचं संग्रहालय आहे. पाच हजार रेकॉर्डी, सगळ्या जॅझच्या. एका दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर जमवलेल्या. ते दवाखान्यात दिवसभर जॅझ लावायचे म्हणे. पेशंटचं तोंड आधीच उघडं, त्यामुळे तक्रार कोण करणार!

जॅझ ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगतो. पाचजण एका घरातून एकत्र निघतात. जरा पुढं गेल्यावर ज्याला जी गल्ली दिसेल त्या गल्लीत तो घुसतो. मधूनच एकमेकांना हाका मारतात. आपण "गेले बिचारे, हरवले" म्हणतो न म्हणतो तोच पाचहीजण एका क्षणाला दारात हजर! मला आधी धाप लागायची. आता मजा येते.

माझं काम कव्हरं दुरुस्त करण्याचं. फाटलेली कड चिकटवायची, सुटलेला कणा जोडायचा. ते करता करता मला त्या कव्हरांचाच नाद लागला. संग्रहालयाच्या मॅडम त्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात. कुठं रंग, कुठं फोटो, कुठं नुसतीच मोकळी जागा, त्या समजावून सांगायच्या आणि मी मान डोलवायचो. मग मला जिकडेतिकडे डिझाइन दिसायला लागलं. एकदा घरी साबणाचं वेष्टन हातात घेऊन मी म्हणालो, "समास कमी सोडलाय."

बायको म्हणाली, "आंघोळ करा."

तर असा सगळा आनंद चालला होता, आणि त्यात कारभाऱ्यांनी मिठाचा खडा टाकला. कारभारी म्हणजे वाचनालयाच्या इमारतीचे व्यवस्थापक. पोट पुढं, चाव्यांचा जुडगा त्याहून पुढं. त्यांचं म्हणणं असं, की पाच हजार रेकॉर्डी म्हणजे दीड टन वजन, त्यानं दुसरा मजला खचतोय, सबब सगळ्या रेकॉर्डी मागच्या तळघरात हलवा.

तळघर! तिथल्या भिंतीला हात लावला तर तो पुसायला रुमाल लागतो. एका वर्षात कव्हरांवर बुरशीची लोकर उगवली असती. मॅडमची अकरा वर्षांची मेहनत पाण्यात, तीही अक्षरशः!

"इंजिनिअर येऊ देत," मॅडम म्हणाल्या. "ते सांगतील ते ऐकेन."

गुरुवारी अकराला इंजिनिअर येणार असं ठरलं. मॅडमनी त्याच दिवशी खोलीत छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. आपण काय तळघरात पाठवतोय, हे निदान लोकांनी डोळ्यांनी बघावं! त्यासाठी त्यांनी बारा कव्हरं निवडली. बाराही एकाच चित्रकाराची. त्याचं नाव कुठंच छापलेलं नाही, पण मॅडमना त्याचा हात ओळखू येतो.

बुधवारी त्यांना रेकॉर्ड प्लेअरची नवी सुई आणायला बाहेरगावी जायचं होतं. जाताना बारा कव्हरं माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "काका, पुठ्ठ्याच्या खिडक्या कापा, कव्हरं आत बसवा, चौकटी भिंतीवर लावा. आणि एक लक्षात ठेवा. उद्या एकही रेघ तिरकी दिसता कामा नये!"

"मॅडम," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "हे तुम्ही कुणाला सांगताय?"

त्या गेल्या. मी कव्हरं टेबलावर मांडली आणि बाईंची लाल पेन्सिल कानात आपटली.

बाराच्या बारा कव्हरांवर अक्षरं तिरकी! डावीकडून निघाली आहेत ती उजवीकडे वर चढतायत. थेट माझी प्रौढवर्गाची वही! फोटोतली माणसं सरळ, पियानो सरळ, मागचं दार सरळ, आणि नाव तेवढं डोंगर चढतंय. मी ओळखलं. हा चित्रकार हुशार, पण ज्या छापखान्यात हे छापलं तिथला माणूस आळशी. अक्षरांची प्लेट वाकडी बसली, कुणी बघितलं नाही, आणि हजारो प्रती तशाच बाजारात गेल्या. बिचारा चित्रकार! म्हणूनच त्यानं नाव छापलं नसणार!

मूळ कव्हराला कात्री लावणाऱ्यातला मी नाही. मी फक्त पुठ्ठ्याच्या खिडकीमागं प्रत्येक कव्हर थोडं फिरवलं. अक्षरं खिडकीच्या कडेला समांतर आली की कागदी कोपरे लावून पक्कं केलं. चौकट सरळ, खिडकी सरळ, अक्षर सरळ! फोटोतली माणसं किंचित कलली, पण म्हटलं, वाजवताना माणूस डुलतोच की.

संध्याकाळी बाराही चौकटी ओळीनं भिंतींवर लावल्या आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आज मी एका मोठ्या कलावंताची अब्रू वाचवली."

"डोकं आणि हात एकदम नका हो चालवत जाऊ," ती म्हणाली.

गुरुवारी मॅडमची गाडी उशिरा आली. त्या धापा टाकत जिन्याशी पोचल्या तेव्हा इंजिनिअर आणि कारभारी वर निघालेच होते. त्यामुळे तिघं एकदमच खोलीत शिरले.

इंजिनिअर म्हणजे काटकुळा, अबोल माणूस. हातात कातडी बॅग. दोन पावलं आत आला आणि थांबला. मग डाव्या खांद्यात वाकला. मग उजव्या.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"काही नाही. जरा... उतार वाटतोय."

कारभाऱ्यांचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. "मी सहा महिने काय सांगतोय! खचलाय मजला! मलासुद्धा वाटतोय!"

मी भिंतीकडे पाहिलं. खरं सांगतो, मलाही वाटला! समोरच्या कव्हरातला पियानोवाला खुर्चीसकट उजवीकडे घसरत होता. शेजारचा लांबडा तंतुवाद्यवाला आता पडतो की मग, असा. त्याच्या पुढच्या चित्रातलं दार, त्याच्या पुढचा दिव्याचा खांब, सगळं एकाच बाजूला कललेलं. बारा चित्रं आणि बाराही एका दिशेला! तिन्ही भिंती मिळून आपल्याला ढकलतायत असं वाटायला लागलं. मी हळूच कपाट धरलं.

तेवढ्यात कँटीनवाला चहाचा ट्रे घेऊन आला. दारातच त्याचे पाय लटपटले.

"आयला, बोट आहे का काय!" असं म्हणून त्यानं उताराचा अंदाज घेतला आणि चहा सांडू नये म्हणून ट्रे उलट्या बाजूला तिरका केला. चारही कप शिस्तीत घसरत आले आणि कारभाऱ्यांच्या शर्टावर उतरले!

"बघा!" कारभारी पोळल्या पोटानं ओरडले. "चहासुद्धा उताराला लागला! आणखी काय पुरावा हवा?"

"ट्रे यांनी तिरका केला!" मॅडम म्हणाल्या.

"मी सरळच धरला होता, मॅडम," कँटीनवाला म्हणाला. "जमीन तिरकी आहे!"

मॅडमनी विचार केला, वातावरण जरा निवळावं. त्यांनी नवी सुई बसवून रेकॉर्ड लावली. ढोलवाला एका गल्लीत, पियानोवाला दुसऱ्या गल्लीत.

कारभाऱ्यांनी कान टवकारले. "सुई घसरतेय! ऐका, ऐका! हे वाजतंय की पडतंय?"

"अहो, हे असंच वाजवतात!"

"असं कुणी मुद्दाम वाजवेल का?"

इंजिनिअर बॅग उघडत म्हणाला, "एक मिनिट, मी आधी मोजतो..." पण त्याचं कोण ऐकतंय! कारभारी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाचकांना हाका मारायला लागले. "मजला खचतोय! वजन उतरवा! साखळी करा! सगळ्या रेकॉर्डी खाली!"

"तळघरात नको!" मॅडम किंचाळल्या. "भिजतील!"

"वेळ कुठं आहे? जी खोली जवळ असेल तिथं टाका! माझ्या केबिनमध्ये टाका!"

वाचनालयातली माणसं बिचारी फार चांगली. वर्तमानपत्र टाकून तीस-चाळीसजण जिन्यावर उभे राहिले आणि रेकॉर्डी हातोहात खाली जायला लागल्या. मॅडम प्रत्येक पायरीवर "उभ्या धरा, उभ्या!" म्हणत वरखाली पळत होत्या. कँटीनवाला सर्वांत पुढं. कारभाऱ्यांनी उत्साहाच्या भरात एक अख्खं खोकं एकट्यानं उचललं, कमरेतून 'कट्' असा आवाज आला, आणि ते खोक्यासारखेच काटकोनात राहिले. त्यांनाही साखळीनं खाली नेलं.

दोन तासांत कपाटं रिकामी. वर राहिलो मी, मॅडम, इंजिनिअर आणि भिंतींवरची बारा कव्हरं.

इंजिनिअरनं बॅगेतून पाणसळ काढली. लाकडी पट्टीत काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात हवेचा बुडबुडा. बुडबुडा मध्यभागी म्हणजे सगळं समपातळीत. त्यानं ती जमिनीवर ठेवली. बुडबुडा मध्यभागी. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. मध्यभागी. खिडकीच्या चौकटीवर, मध्यभागी.

"मजला उत्तम आहे," तो म्हणाला. "आणखी पाच हजार रेकॉर्डी ठेवा." पण त्याची मान अजून वाकडीच होती. "मग हे उताराचं काय?"

तो भिंतीपाशी गेला. पाणसळ माझ्या चौकटीवर धरली. बुडबुडा मध्यभागी. मी खाकरलो. त्यानं ती अक्षरांखाली धरली. मध्यभागी! माझी छाती फुगली. मग त्यानं ती चित्रातल्या पियानोवर धरली.

बुडबुडा सुसाट टोकाला गेला.

खालून कारभाऱ्यांचं कण्हणं ऐकू आलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकेका कव्हरापुढून चालत गेल्या. बाराव्यापाशी वळल्या.

"काका."

"मॅडम, तुम्हीच म्हणालात, एकही रेघ..."

"चौकटीची, काका! चौकटीची रेघ! त्यानं अक्षरं मुद्दाम तिरकी लिहिली होती! आयुष्यभर! तीच तर त्याची ओळख!"

"मुद्दाम?" मी विचारलं. चाळीस वर्षांत असला माणूस मला भेटला नव्हता. "असं कुणी मुद्दाम लिहील का?"

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की असलंच वाक्य दोन-अडीच तासांपूर्वी कारभारीही बोलले होते. मी खाली बघितलं. मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांना हसू फुटलं. त्या मटकन रिकाम्या कपाटाच्या फळीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इंजिनिअर भिंतीकडे तोंड करून हसला. मी हसलो नाही. मी पुठ्ठे मोजत होतो. बारा खिडक्या नव्यानं कापायच्या होत्या.

आता प्रश्न असा, की रेकॉर्डी पुन्हा वर नेणार कोण? आग लागल्यासारखी धावलेली माणसं घरी निघून गेली होती. कँटीनवाल्यानं हात जोडले. इंजिनिअरचा कागद सांगत होता की रेकॉर्डी इमारतीत कुठंही ठेवल्या तरी धोका नाही. आणि त्या होत्या कुठं? तळमजल्यावर, कोरड्या, हवेशीर, दोन मोठ्या खिडक्यांच्या कारभाऱ्यांच्या केबिनमध्ये. स्वतः कारभाऱ्यांच्या हुकमानं, चाळीस साक्षीदारांसमक्ष! अकरा वर्षं मॅडम तसली खोली मागत होत्या. पंधरा दिवसांनी कारभारी कमरेला पट्टा बांधून कामावर आले, तेव्हा त्यांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर गेलं होतं. आता ते कठडा धरून एकेक पायरी चढतात. मी जिन्यात दिसलो की थांबतात आणि मी जाईपर्यंत बोलत नाहीत.

संग्रहालय वाचलं ते कुणामुळे, हे मी सगळ्यांना सांगत नाही. विचारलं तरच सांगतो.

मॅडमनी इंजिनिअरच्या अहवालाची एक प्रत मला दिली. छापील कागदावर माझा उल्लेख आयुष्यात पहिल्यांदाच आला होता! घरी जाऊन मी चष्मा लावला, बायकोला समोर बसवलं आणि ओळीखाली बोट धरून खणखणीत आवाजात वाचलं: "इमारतीची जमीन व छत समपातळीत आणि भिंती सरळ आहेत. तपासणीत जे काही वाकडे आढळले, ते सदर गृहस्थांनी सरळ केलेले होते."

"म्हणजे काय हो?" बायकोनं विचारलं.

मी कागदाची काटकोनात घडी घातली आणि म्हणालो, "इंजिनिअरची भाषा आहे. तुला नाही कळायचं!"